मिरचीच्या ग्रुपवरच्या धमक्या

कचेरीत जुन्या फायली निदान रेकॉर्ड रूममध्ये ढकलता यायच्या. व्हॉट्सॲपवरचे किस्से कुठे ढकलणार? रिटायर झालो, नंदुरबारच्या मिरचीवाल्यांच्या ग्रुपचा ॲडमिन झालो आणि किस्से साठतच गेले. सोबतीला दोघं: व्यापारी हिरालाल बापू आणि मोलगीच्या शिक्षिका संगीताताई. तिघंही बिनपगारी, त्यामुळे उत्साह दांडगा!

*

पहिली धमकी विसरवाडीच्या एका ट्रकवाल्याची. 'उद्या भेट, तंगडं तोडतो.' ज्याचं तंगडं होतं तो पोलिसांत गेला. हवालदारांनी बापूंना विचारलं, "धमकी कुठंय?"

"साहेब, ती तं मी लगेच पुसी टाकी. घान व्हती ना!"

नियम ठरला: आधी स्क्रीनशॉट, मग साफसफाई.

*

पुढच्या वेळी बापूंनी स्क्रीनशॉट काढला आणि पाठवला थेट धमकी देणाऱ्यालाच! "ही तुम्हनीच शे ना? तपासी ल्या."

त्यानं तपासली. दुरुस्तीही सुचवली: "त्यात तुमचंही नाव टाका!"

*

तिसऱ्या वेळी म्हटलं, आता अनुभवी माणसानं सूत्रं घ्यावीत. 'विषय: जिवे मारण्याच्या धमकीबाबत' असा मसुदा घेतला. 'महोदय'पर्यंत पोचलो, तोवर संगीताताईंनी ठाण्यात फोन करून ज्याला धमकी होती त्या माणसालाही सावध केलं होतं.

"भाऊसाहेब, तुमचं 'आपला विश्वासू' येईपर्यंत त्याचं तेरावं झालं असतं!"

*

एका दुपारी मी बापूंच्या दुकानात बसलो होतो. ग्रुपवर मोलगीकडच्या दिलवरचा मेसेज आला: 'मी आता जगणार नाही. शोधू नका.' दर हंगामात बापूंना मिरची विकणारा, तिशीचा शेतकरी.

या वेळी कुणी काही पुसलं नाही. ताईंनी पोलिसांना कळवलं आणि स्वतः दिलवरच्या भावाला गाठायला निघाल्या. मी बापूंना म्हटलं, "त्याला फोन लावा. कुणी पोचेपर्यंत बोलत ठेवा."

"काय बोलू?"

"काहीही!"

फोन लागला. बापू गडबडले आणि ओरडले, "दिलवर, तुन्ही मिरची फिक्की शे!"

मग दिलवर असा पेटला! बियाणं काढलं, माती काढली, बापूंचा तराजू काढला. बापू तसूभर हटेनात. अखेर फोनमध्ये भावाचा आवाज आला, तेव्हाच बापूंनी फोन ठेवला.

भावानं त्याला डॉक्टरांकडे नेलं. महिन्याभरानं दिलवर स्वतः नंदुरबारला आला आणि दुकानात गोणी आपटली. "बापू, चाखा!"

बापूंनी अख्खी मिरची चावली. डोळ्यांतून, नाकातून धारा! उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले,

"फिक्कीच शे. पुढला आठवडाले आखो एक गोणी लई ये."