डाव्या हाताचं रेलिंग

आमची मोठीमाय जिना उलटी उतरायची. तोंड वरच्या खोलीकडे, पाठ खाली आणि डावा हात लाकडी रेलिंगवर. नांदेडच्या आमच्या गल्लीत नवीन आलेला माणूस ते पाहून घाबरायचा. गल्लीला सवय होती. मला मात्र ती कधीच झाली नाही, कारण तिच्यावर ही पाळी आणणारा मीच.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. ते गेल्यावर तिने वरच्या खोलीत शिवणक्लास काढला. गल्लीतल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखाली शिकल्या. तिचं पालुपद एकच, "उसव अन् पुन्हा घाल." वाकडी शिलाई ती चालवून घेत नसे, आणि रडणंही.

लकवा मारला तेव्हा तिची उजवी बाजू गेली. मी तिची खाट खाली टाकली आणि तिला न विचारता पोरींना सांगून टाकलं, क्लास बंद. कळलं तेव्हा ती ओरडली नाही.

"क्लास माझा हाय. बंद करायचा तर मी करीन," एवढंच म्हणाली. "जिन्याला रेलिंग लाव. लाकडाचं. लोखंड थंडीत हाताला चावतं."

युसूफभाई सुतार टेप घेऊन आले. मोठीमायने माझ्या बायकोकडून कणकेचा गोळा मागवला, डाव्या मुठीत दाबला आणि त्यांच्यापुढे धरला. "एवढं जाड. इथं बोटं बसली पाह्यजेत."

"मोठीमाय, माप तुम्ही घेऊन राहिल्या का मी?"

"तुझा झब्बा शिवला तेव्हा गळा कसा पाह्यजे ते तू सांगत होतास का न्हाई?"

युसूफभाई हसले आणि ती कणीक रुमालात बांधून घेऊन गेले.

दोन भिंतींमधल्या त्या अरुंद जिन्यात सागवानी रेलिंग बसलं. चढताना डाव्या हाताला येईल असं. भिंतीवर खुणा मीच करून दिल्या. ती घामाघूम होऊन वर पोचली आणि पोरींना बोलावणं धाडलं. संध्याकाळी उतरायला वळली आणि थांबली. रेलिंग आता तिच्या निकामी हाताकडे होतं. चढण्याचा विचार आम्ही सगळ्यांनी केला होता, उतरण्याचा कुणीच नाही.

"मला वर पाठवायचीच घाई झाली होती व्हय रे?"

पोरी खुदखुदल्या. मी ओशाळून म्हणालो, "उचलून नेतो."

"हात लावू नको."

तिने पुन्हा खोलीकडे तोंड केलं, डाव्या हाताने रेलिंग धरलं आणि मागे पाय टाकत एकेक पायरी उतरली.

दुसऱ्या बाजूचं रेलिंग मी आज-उद्या करत लांबवलं. अखेर युसूफभाईंना घेऊन आलो, तर तिने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "राहू दे. असं उतरताना पोरी दिसतात." खरंच, पोरी वर जिन्याच्या तोंडाशी जमायच्या आणि ही उतरता उतरता बजावायची, "शोभे, काजं उसव. पुन्हा घाल."

यंदा उन्हाळ्यात मोठीमाय गेली. क्लास आता शोभा चालवते. परवा पंखा दुरुस्त करायला मी वर गेलो होतो. उतरताना कोण जाणे का, खोलीकडे तोंड केलं आणि डाव्या हाताने रेलिंग धरलं. बोटं नीट बसेनात. ती मूठ माझी नव्हतीच. पाय चाचपडत मी मागे वळून पाहू लागलो.

"मागं पाहू नका, दादा," वरून शोभा म्हणाली. "आमच्याकडं पाहा."