तन्वीने केलेले तात्या

गेल्या रविवारी आमच्या काळाचौकीच्या चाळीत मुलांचं छोटंसं प्रदर्शन होतं. खरं तर मजेचा दिवस... पण त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी शाळेत चित्रकला शिकवते. या सुट्टीत चाळीतल्या पोरांना जमवलं आणि सांगितलं, शिल्पं करायची, पण विकतचं काही आणायचं नाही. झाडाखाली पडलेलं, समुद्रावर सापडलेलं, स्वयंपाकघरात उरलेलं, त्यातूनच काय ते करायचं.

मग काय... करवंट्या, गुलमोहराच्या शेंगा, माहीमच्या किनाऱ्यावरचे शिंपले. मंडळाची खोली भरून गेली. पोरं आंब्याच्या कोयी गॅलरीत वाळत घालतात आणि माश्या होतात, अशा तक्रारीही आल्या.

कुणी मासा केला, कुणी घुबड. दुसऱ्या मजल्यावरच्या तन्वीने मात्र आपले आजोबा केले.

तन्वी चौथीत आहे. तिच्या आजोबांना सगळी चाळ तात्या म्हणते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके उचलण्यात गेली. आता पाठ इतकी वाकलीय की समोरच्याचा चेहरा बघायला मान तिरकी करावी लागते.

तन्वीने एक वाळकी, वाकलेली फांदी घेतली होती. खांद्यापासून टाचेपर्यंत ती एकच फांदी. डोकं म्हणजे आंब्याची कोय, कोयीचे धागे म्हणजे पिकलेली दाढी. हात शेंगांचे, पाय मातीत रोवलेले. कोय किंचित तिरकी... कुणीही बघताक्षणी म्हणालं असतं, हे तात्या.

रविवारी सकाळी आम्ही टेबलं लावत होतो. तन्वीचे बाबा, संदेश, मदतीला आले होते. अगदी साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्या शिल्पापुढे ते बराच वेळ उभे राहिले.

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, हे जरा सरळ करता येईल का? सगळी चाळ येणार, लोक हसतील, तात्यांना वाईट वाटेल. तन्वी तात्यांना आणायला वर गेली होती. मी नावाच्या चिठ्ठ्या कापण्यात गुंतले होते. तिला विचारून बघू, म्हटलं... आणि पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळले.

कट्कन आवाज आला. संदेशच्या हातात फांदीचे दोन तुकडे होते.

"जरासंच ओढलं हो..." एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात तन्वी तात्यांचा हात धरून आली. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. तन्वीने टेबलाकडे बघितलं, मग बाबांच्या हाताकडे. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

संदेश तिला समजवायला लागले. तात्यांना कुणी हसू नये म्हणून केलं गं, असं काहीतरी. तात्यांनी मान तिरकी करून मुलाकडे बघितलं.

"ती फांदी मियाच शोधून दिलंय तिका," ते म्हणाले.

मग कळलं. नातीसोबत ते स्वतः कोपऱ्यावरच्या बागेत गेले होते. तिला एकही फांदी पसंत पडेना. शेवटी तात्यांनाच ही दिसली, आणि ही बघ, मीच पडलोय इथे, म्हणून दोघं खूप हसले होते. नंतर कितीतरी संध्याकाळी ते तिच्यासाठी नुसते उभे राहिले. ती त्यांची पाठ निरखून बघायची आणि कोय पुन्हा पुन्हा हलवायची. एवढ्या बारकाईने मला कधी कुणी बघितलं नव्हतं, म्हणाले.

तात्यांनी काथ्या मागितला. तुकडे जुळवून बांधून दिले. शिल्प उभं राहिलं, पण तो बाक गेला तो गेलाच... प्लास्टर घातलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. तन्वीने ते टेबलावरून उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी नेलं.

प्रदर्शन छान झालं. मासा आणि घुबड सगळ्यांना आवडले. तात्या शेवटपर्यंत थांबले, प्रत्येक मुलाला शाबासकी देत.

आवराआवर झाल्यावर संदेश पायरीवर बसले.

"ताई, तात्यांना वाईट वाटेल म्हणालो ना मी," ते म्हणाले, "त्यांना कुठे वाटत होतं? त्यांची पाठ बघून वाईट मलाच वाटतं."



परवा ते तन्वीला घेऊन नवी फांदी शोधायला गेले होते. रिकाम्या हाताने परत आले. तन्वी म्हणते, तशी मिळणार नाही. ती बापावर रागावलेली नाही, त्याच्याशी नीट बोलते... त्यामुळे तर आणखीच वाईट वाटतं. संदेशनी विचारलं त्याच वेळी मी उठून त्यांच्याबरोबर शिल्पाजवळ जायला हवं होतं. चिठ्ठ्या काय, कधीही कापता आल्या असत्या.

त्या शिल्पाचा फोटो कुणाकडेच नाही. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांचे एकदमच काढू म्हणून राहिले होते. म्हणून जेवढं डोळ्यांसमोर आहे, तेवढं इथे लिहून ठेवलं.