बादलीचं सोवळं

बाळांनो, तुम्ही तिकडे घरामागे पोहायचा तलाव बांधताय असं कळलं, म्हणून हे लिहितेय. तुम्ही लहान असताना, चेणे गावातल्या आपल्या बंगल्यात तुम्ही दोघं आपल्या तलावाच्या काठावर खेळत होतात. पाण्याचा पीएच वाढला म्हणून आजोबा अ‍ॅसिडची बाटली घेऊन आले आणि क्लोरीनची पूड कालवलेली बादलीच त्यांनी न धुता पुढे ओढली. मी ओरडले, "अहो, मटणाच्या पातेल्यात मी कधी खीर केलीय का?" "आता बादलीलाही सोवळं!" म्हणून ते हसले, तेवढ्यात बाटली कलली. जेमतेम चार थेंब पडले, पण क्लोरीनची नाकात झोंबणारी विषारी, पिवळट वाफ उसळली. तुम्हाला उचलून आम्ही फाटकापर्यंत धावलो. थोड्या खोकल्यावर निभावलं. तुमच्या डोळ्यांवर पाणी मारत आजोबा पुटपुटले, "तुझं सोवळं बरं गं बाई." पुढे बंगला विकला, आजोबाही गेले. तुम्ही दोघं धडधाकट आहात, तसेच राहा; तुमच्या तलावाशी अ‍ॅसिडची आणि क्लोरीनची बादली वेगवेगळी ठेवा.