पस्तीसची लेन्स

लातुरात कोचिंग क्लासचं पीक आलं आणि माझा फोटो स्टुडिओ लग्नांवरून गुणवंतांवर आला. निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स, आणि त्यावरचे निम्मे चेहरे मी टिपलेले. त्याच काळात मला फिक्स, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सचं वेड लागलं. पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटर अशा तीन घेतल्या. कोणती जास्त रेखीव, कोणती मागचं छान धूसर करते, कोणती रंग खरा देते, हे स्वतः पडताळल्याशिवाय मला चैन पडेना.

पडताळायला चेहरा लागतो. माझ्याकडे बायकोचा होता.

स्टुडिओत ती बसायची नाही. तिचं माहेर भूकंपात पडलेलं. इतकी वर्षं झाली तरी छताखाली गप्प बसवलं की तिची नजर वर जायची. म्हणून अंगणात, कडुलिंबाखाली खुर्ची. रंग तपासायला तिनं दर रविवारी तीच मरून इरकल नेसायची, हा माझा हुकूम. ती निमूट नेसायची.

पंच्याऐंशी लावली की मला पार फाटकापर्यंत मागं जावं लागे. तिथून मी ओरडायचो, "हलू नको! डोळ्यावर फोकस आहे!" ती जागची हलायची नाही. फोटो मात्र काय यायचा! पापणीन् पापणी मोजून घ्यावी, आणि मागची भिंत लोण्यासारखी मऊ. एकदा तिनं ऐकवलंच, "अहो, मागचं तर त्यो फ्लेक्सवाला कापूनच टाकतो. तुम्ही कशाला धुरकट करायलाव?" मी तिला अडाणी म्हटलं.

पन्नास सगळ्यातच मधली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पस्तीसला मात्र चेहरा तेवढाच मोठा यायला हातभर अंतरावर उकिडवं बसावं लागे. इतक्या जवळून माझं एक डोळा मिटलेलं तोंड बघून तिला हसू आवरायचं नाही. हलायची, काहीतरी बोलायची, पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसायची. फोटोत नाक मोठं, कान मागं पळालेले. मी वहीत लिहिलं: पस्तीस, चेहऱ्याला निकामी. पुढं निकालाच्या दिवसांत कॉम्प्युटरवर जागा पुरेना, तेव्हा पस्तीसचा अख्खा फोल्डर उडवून टाकला.

ती गेली ती दोन दिवसांच्या दुखण्यानं. तेराव्याला मी पंच्याऐंशीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. तिन्हींत तीच लेन्स सरस, हे मी आजही कुणालाही पटवून देईन. इरकलीचा रंग जसाच्या तसा. पाहुणे म्हणाले, लई झकास आलाय.

मग सगळे गेले. सहा महिने मी त्या फोटोसमोर एकटा जेवलो. फार एकटं वाटायचं. तिच्याशी बोलावं म्हणून मान वर करायचो आणि घास तसाच राहायचा. मला वाटे, दुःखच असं असतं.

दिवाळीला मुलगी नांदेडहून आली. जेवता जेवता फोटोकडे बघत थांबली.

"बाबा, आई आपल्याकडं अशी कधी बघायची हो? वळख नसल्यासारखं?"

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मी लांब उभा होतो गं," म्हणालो.