सुटीबाहेरचा समुद्र

निकम सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते नाशिकच्या आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एसटीत. मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सर नुकतेच रुजू झाले होते. दिवाळीच्या सुटीत मुलांना डहाणूकडच्या किनाऱ्यावर समुद्रपक्षी दाखवायला न्यायचे, अशी त्यांनी टूम काढली होती. गाडी सुटण्यापूर्वी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "परत येईपर्यंत 'थवा' हा शब्द कुणी काढायचा नाही. प्रत्येकाने एक पक्षी धरायचा आणि त्याच्यावरून नजर हलवायची नाही." हे गृहस्थ फार दिवस टिकायचे नाहीत, असे मी मनाशी ठरवून टाकले. सर निवृत्तीपर्यंत टिकले. मी पुढे त्यांच्याच विभागात शिकवू लागले आणि त्यांच्या बहुतेक सहलींना बरोबर गेले. सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच आहे.

सरांची पद्धत साधी होती. होडी किनाऱ्यापासून आत न्यायची आणि थांबवायची. मुलांनी ओळीने बसून आपापल्या समोरचा सुरय धरायचा. सुरय म्हणजे लांब, टोकदार पंखांचा, हवेतून पाण्यात सूर मारून मासा उचलणारा पक्षी. आपला पक्षी उडता उडता एकाएकी दिशा बदलू लागला, की "माझा वळला" असे मोठ्याने सांगायचे. बाकी बोलायचे नाही. सर स्वतः पूर्ण शाकाहारी. होडीचे मालक तांडेलकाका दर वर्षी त्यांना डिवचायचे, "मास्तर, मासा खात नाय आन् माशामागं फिरतांव."

"माशामागं पक्षी फिरतात. मी पक्ष्यांमागं फिरतो."

"म्हंजे माशापासून आमच्याहून लांब राहिलांव," असे म्हणून तांडेलकाका वल्हे उचलायचे.

मुलींना सहलीला पाठवायला पालक तयार नसत. सरांनी त्यावर वाद घातला नाही. पुढच्या वर्षीपासून ते आपल्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, बरोबर आणू लागले. वहिनींना होडी लागते हे आम्हाला फार उशिरा कळले. तोंडात लिंबाची फोड धरून त्या गप्प बसून राहत. मी शिकवू लागल्यानंतरच्या एका वर्षी घोटीच्या शोभाला घरून परवानगी मिळेना, तेव्हा सर मला घेऊन तिच्या वडिलांच्या भातगिरणीवर गेले. गिरणी बंद करून वडील बाहेर आले.

"समुद्रात काय ठिवलंय, सर? पाखरं हितं नाय का? भात कापला का लय येत्यात."

"येतात ना. पण तुमचं शेत आहे तिथंच असतं. पाखराला ठाऊक असतं कुठं जायचं ते. समुद्रातलं शेत रोज हलतं. मग पाखरू काय करत असेल, ते हिनं बघून यावं असं वाटतं."

वडिलांनी अंगावरचा कोंडा झटकला. ते म्हणाले, "बघून आली का मलाबी सांगाया लावा."

शोभा आली ती सहल मात्र दिवाळीत निघाली नाही. परीक्षा लांबल्या, सुटी बुडाली आणि आम्ही प्रथमच फेब्रुवारीत गेलो. दिवाळीचा समुद्र आमच्या परिचयाचा होता. पाऊस संपलेला, किनाऱ्याजवळ मासळी भरपूर आणि जिकडे बघावे तिकडे पक्ष्यांची झुंबड. जिथे सुबत्ता तिथे पक्षी एकत्र येतात, असे सर वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आले होते आणि त्यांच्यामागून मीही तेच शिकवत होते. फेब्रुवारीत पाणी मोकळे दिसले. एक सुरय इथे, दुसरा पार तिकडे, तिसरा डोळे ताणल्यावर दिसणारा. पहिला दिवस तसाच गेला. मुले कंटाळली. कुणीतरी कुजबुजले की नाशिकजवळच्या नांदूर-मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो असतो तर निदान जेवायला घरी पोचलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीच्या टोकाला बसलेली शोभा म्हणाली, "सर, माझ्यानं सूर मारला."

तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "माझा वळला."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझापण." मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. होडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ते शब्द सरकत गेले. सर समुद्राकडे बघत नव्हते. मुलांच्या तोंडांकडे बघत होते. थोड्याच वेळात दूरदूरचे सारे पक्षी शोभाच्या पक्ष्यापाशी गोळा झाले, खाली माशांची झुंड होती ती संपली, आणि जसे आले तसे पांगले. पांगले, पण शेजारी दिसेल इतपतच.

त्या संध्याकाळी वाळूवर बसवून सर मुलांना म्हणाले, "मी आजवर तुम्हाला सुटीतला समुद्र शिकवला. नाशिकहून आपण सुटीतच येणार, आणि सुटीत समुद्र भरलेला असणार. तेव्हा कुणाला कुणाकडे बघायची गरज नसते. टंचाई आली की एकमेकांवर नजर ठेवावी लागते. एकाला सापडलं की सगळ्यांना कळतं." नाशिकला परतल्यावर ते तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर गेले. या मुलांचा तो भाग आदल्या वर्षीच शिकवून झाला होता. सरांनी फळ्यासमोर उभे राहून तो चुकीचा असल्याचे सांगितले आणि पुन्हा शिकवला. मलाही माझ्या वर्गावर तेच करावे लागले. तेव्हा मला ते आवडले नव्हते.

त्यानंतर दर फेब्रुवारीत सर बिनपगारी रजा टाकू लागले. प्राचार्य वैतागून म्हणाले, "निकम, नाशिकला समुद्र नाही हो."

"म्हणूनच रजा मागतोय, साहेब."

आम्ही शेवटचे गेलो तेव्हा दोघेही निवृत्त झालो होतो. जुने विद्यार्थी बरोबर होते, होडी तांडेलकाकांच्या मुलाची होती. पक्षी इतके विरळ होते, की एकापासून दुसरा दिसत असेल असे वाटेना. दुपारी एकाने सूर मारला. आम्ही सगळे आपापला पक्षी धरून थांबलो. कुणाचाच वळला नाही. तो एकटाच खाऊन निघून गेला. परतताना जव्हारच्या घाटात सर इतकेच बोलले, "एका दिवसावरून काही म्हणता येत नाही. पुन्हा यायला हवं."

पुढे सरांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि ते 'पुन्हा' राहून गेले. सर गंगापूर रोडवरच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. संध्याकाळी बगळे धरणाकडे जातात, ते बघतात. मी गेले की विचारतात, "तिकडं काय असेल हो आता?" मी तिखट बाई म्हणून ओळखली जाते, पण या प्रश्नापुढे मला स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणावे लागते. सरांना जे पुन्हा बघायचे आहे, तेच मलाही हवे आहे. तो मोकळा समुद्र, ती ओळीत सरकत येणारी हाक.

गौरव समितीने सरांना काय हवे ते विचारले. सर म्हणाले, "शाल नको, सभागृह नको. फेब्रुवारीत एकदा होडीत बसवा." त्यांच्या मुलाने नाही म्हटले, डॉक्टर काही ठाम बोलेनात. गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे गेले.

"खुबा बदललेला माणूस होडीत चढवणार तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

"चढवणार नाही. चौघे मिळून खुर्चीसकट आत ठेवणार. समुद्र शांत असेल तरच."

"आणि पडले म्हणजे?"

"माझ्या अंगावर पडतील."

वहिनींनी निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "इथं बसून रोज झुरतात ते काय मला दिसत नाही? मीही येते. लिंबं तेवढी जास्त घ्या."

गॅलरीतून आवाज आला, "लिंबं तिकडं मिळतात. आधी तारीख ठरवा."

तारीख ठरली आहे. शोभा आता नांदगावला शिक्षिका आहे, तिने रजा मंजूर करून घेतली. बाकीचेही येत आहेत. पक्षी वळतील की नाही हे आम्हाला कुणालाच माहीत नाही, आणि सरांची समजूत काढण्यासाठी खोटे बोलायचे नाही असे मी सगळ्यांना बजावले आहे.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. ते मी चिंततेच. पण माझे मागणे थोडे नेमके आहे. सरांचा खुबा मजबूत राहो, नजर लांबवर पोचत राहो, वहिनींची सोबत राहो. आणि यंदा समुद्राने जे दाखवायचे ते दाखवल्यावर, ते सुखाचे असो वा नसो, पुढच्या फेब्रुवारीची वाट बघण्याइतके बळ त्यांच्यापाशी असो.