फाटकातले आजोबा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी मला विज्ञान शिकवायला नको. भूत, देवचार, करणी-बिरणी यातलं मी काहीही मानत नाही... मानत नव्हतो म्हणा. तारकर्लीत माझं न्याहारी-निवास आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे सुरमईचं ताट चाटूनपुसून संपवतात आणि हात धुता धुता हमखास विचारतात, "काका, इकडे काही असतं का हो?" मग मी माडाच्या बागेतली एखादी झकास थाप ठोकून देतो. बाया-माणसं किंचाळतात, पोरं आईला बिलगतात, आणि मी आत जाऊन हसतो. थापा मारायची इतकी सवय झालीय, की ही खरी गोष्ट लिहायला बसलो तर हात चालेना.

माझा धाकटा भाऊ प्रसाद बरीच वर्षं डेन्मार्कला होता, आरहूस नावाच्या शहरात. बायको नेहा नागपूरची. मुलगी इरा, आठ वर्षांची, जन्म तिकडचाच. गावी ती एकदाच आली, तेव्हा रांगत होती. मराठी बोलायची, पण अगदी पुस्तकातली, मध्येच डॅनिश, मध्येच इंग्लिश. गेल्या वर्षी प्रसादला ऑफिसने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, ओहायो राज्यात कोलंबसला. झालं! तेव्हापासून घरात एकच विषय, राहायचं कुठे.

आईला हे काही उमगेना. ती माझ्याकडेच असते, प्रसादच्या फोनची वाट बघत.

"शहर ठरला ना? मगे आता काय ठरवतात?"

"आई, नेबरहूड ठरवूचा लागता," प्रसाद फोनवरून.

"म्हणजे वाडी?"

"व्हय, वाडी."

"मगे वाडी म्हण की मेल्या! वाडी बघल्याशिवाय आमी सोयरीक करणव नाय, आणि तू घर घेतलं असतंस?"

पण प्रश्न सोपा नव्हता. डेन्मार्कमध्ये इरा सायकलने शाळेत जायची. तिकडे सगळीच पोरं जातात, कोणाला त्यात काही वाटत नाही. अमेरिकेत मात्र जो तो यांना घाबरवत होता... अमुक रस्त्याच्या अलीकडे राहा, पलीकडे नको, तमुक भागात अंधार पडल्यावर फिरू नका. शेवटी दोन जागा उरल्या. एक शहराबाहेर, नवं कॉम्प्लेक्स, गेटवर वॉचमन, शाळेची बस दारात. प्रसादला ती हवी होती. दुसरी जुन्या वस्तीत, मोठमोठी झाडं, लाकडी घरं, पुढे छोटं कुंपण आणि फाटक, शाळा सायकलच्या अंतरावर. नेहाचा जीव तिच्यात अडकलेला. दोघं महिनाभर कडाकडा भांडली.

आईने तिचा उपाय केला. आमच्या गावाच्या वेशीवर राखणदाराचं ठिकाण आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, गावाला फेरी घालतो असं म्हणतात. आईने मानकऱ्यांना नेऊन तिथे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या घराचा लेकरू परमुलखात वाडी शोधता हा. तेका बरी जागा दाखव आणि तेच्या पोराबाळांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. न मानणारा माणूसही तिथे व्हय म्हाराजा म्हणतोच, जिभेला वळण असतं.

मग ती संध्याकाळ. कोलंबसला शनिवारची सकाळ, आमच्याकडे दिवेलागण. आई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून केरसुणीसाठी झावळाचे हीर काढत होती. प्रसादने व्हिडिओ कॉल लावला. ती तिघं आता कोलंबसला पोचली होती आणि जुन्या वस्तीतलं घर बघायला निघाली होती. फोन इराच्या पाठीमागे चाललेला. रस्ता दिसला, झाडं दिसली, पांढरं फाटक दिसलं. फाटक उघडंच होतं. आणि पोरगी तिथे थांबली.

"बाबा, हे आजोबा मला आत जाऊ देत नाहीत."

"कुठले आजोबा? चल, उशीर होतोय."

"हे काय! ब्लँकेटवाले. त्यांच्या स्टिकला बेल्स आहेत."

आम्हाला फोनमध्ये रिकामं फाटक दिसत होतं. मागे पायऱ्या, दार, बाकी चिटपाखरू नाही. पण मी ऐकलं. आईशप्पथ सांगतो, माझ्या कानांनी ऐकलं. छुम्... छुम्... काठी जमिनीवर टेकवावी तसं. मला वाटलं आमच्याच गल्लीतून कोणी गुरं नेतंय, म्हणून मी उठून बाहेर बघून आलो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आईच्या हातातला हीर गळून पडला.

"राखणदार! गो माझ्या बाये, सातासमुद्रापार गेलो गो तो माझ्या नातीसाठी!" ती रडायलाच लागली. "प्रसाद, हीच वाडी. दुसरी बघू नको. तेणा जागा दाखवल्यान!"

मला वाटलं, आता प्रसाद हसणार. आईच्या प्रत्येक देवाला नावं ठेवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. पण तोही 'व्हय म्हाराजा' म्हणाला. परक्या देशात, सकाळच्या उन्हात, आपल्या गावचं माणूस दारात उभं आहे म्हटल्यावर कोण म्हणणार नाही हो? त्याने इराला उचललं आणि तिला घेऊन फाटकातून आत गेला. पोरगी त्याच्या खांद्यावरून मागे वळून बघत होती.

नेहाने नंतर मला शपथेवर सांगितलं, तिने किंवा प्रसादने इराला राखणदाराबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. नेहाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ती नागपूरची.

तेच घर घेतलं. सगळे खूश. आईने अख्ख्या वाडीत साखर वाटली आणि येईल त्याला सांगत सुटली. मीही पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगायला लागलो. थापेपेक्षा जास्त चालली.

इराला मात्र ते आजोबा पुन्हा दिसायला लागले. रोज नाही, अधूनमधून, सकाळी शाळेला निघताना. फाटकात उभे. मग पोरगी अडून बसायची, शाळेला उशीर. नेहाने तिला शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, देश बदलला की मुलं असे काल्पनिक सोबती तयार करतात, घाबरू नका. आईला विचारलं तर आईने फोनवर इराला जवळ बोलावलं.

"बाये, तो आपलो. आपल्या माणसाक भियाचा नाय. हात जोडायचे, 'आजोबा, वाट द्या' म्हणायचा, आणि हसत जायचा. म्हण बघू?"

"आजोबा, वाट द्या," इरा म्हणाली. तिच्या त्या पुस्तकी मराठीत. आम्ही सगळे टाळ्या वाजवून हसलो. चार वेळा म्हणायला लावलं तिला.

पानगळ सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी इरा सायकलवर पुढे, नेहा तिच्या मागे दुसऱ्या सायकलवर. कोपऱ्यावरून एक गाडी वळली. चालवणाऱ्याला पोरगी दिसलीच नाही. त्या वस्तीत सायकलवर पोरं नसतातच, तर बघणार कुठून? इरा जागच्या जागी गेली. नेहाच्या डोळ्यांदेखत.

आम्हाला व्हिसा कुठला मिळायला? फोनवर बघितली तिला, शेवटची. त्यानंतर काही दिवसांनी प्रसादचा फोन आला. मला म्हणाला, "आईक दी. स्पीकरवर ठेव, तू पण आयक."

त्याचा आवाज शांत होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आई, ल्हानपणी तू आमका काय सांगायचंस? राखणदार पाठसून चललो तर सोबत समज. आणि फुड्यात उभो रवलो तर?"

आईने फोन माझ्याकडे सरकवला.

"सांग ना. फुड्यात उभो रवलो तर?"

"...परत फिर," आई म्हणाली.

मागून चालला तर सोबत, वाटेत समोर उभा राहिला तर पुढे धोका, मागे फिरायचं. अहो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! मला ठाऊक होतं, प्रसादला होतं. अख्ख्या वाडीने ती साखर खाल्ली, त्यातल्या एकालाही आठवलं नाही. तो इतक्या लांब गेला याच्या आनंदात, तो कुठे उभा आहे हे कोणी बघितलंच नाही.

"गेली त्या दिसा सकाळी ती फाटकात थांबलेली," प्रसाद म्हणाला. "नेहान आज सांगल्यान माका. पोरगी तिका म्हणाली, मम्मा, आजोबांनी आज काठी आडवी धरलीय. नेहाक काय ठावक? तू शिकयलंस ताच तिणा सांगल्यान. हात जोड, वाट माग. पोरीन हात जोडले. आणि नेहाकडे बघून हसली. म्हणाली, मम्मा, आजोबा बाजूला झाले."

आई दारातून वेशीच्या दिशेने बघायला लागली.

"तो माझ्या पोरीक अडवत होतो गो आई. पयल्या दिसापासून अडवत होतो. मिया तिका उचलून आत नेलंय, आणि तू तेका बाजूक केलंस. आता माका फोन करू नको."

मी ओरडलो, "प्रसाद, म्हातारी आसा ती, तोंड सांभाळ!" तोवर त्याने फोन ठेवला होता. त्यानंतर त्याने खरंच फोन घेतलेला नाही. नेहा नागपूरला माहेरी आहे. ती बोलते माझ्याशी, आईशी नाही.

आता तुम्ही लिहाल, की पोरीच्या मनाचे खेळ असतील, शेजाऱ्याच्या दारातली घंटी वाऱ्याने वाजली असेल. लिहा. मी हे सगळं स्वतःलाच सांगून बघितलंय. पण ओहायोमधल्या आठ वर्षांच्या मुलीला घोंगडी आणि घुंगुरकाठी कुठून दिसली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पाहुण्यांना गोष्टी सांगणं मी बंद केलंय.

आई जेवते, झोपते, हीर काढत बसते. रडत नाही. फक्त मधूनच हात थांबवून मला विचारते, आणि मी उठून आत जातो...

"जल्मभर तेच्या फुड्यात गाऱ्हाणी घातलंय रे. तुझो बापूस जाताना घातलंय, तेव्हा ऐकूक नाय. येकय ऐकूक नाय. मगे पोरीचा 'वाट द्या' ह्याच येक कित्याक ऐकल्यान?"