समासातले उस्ताद

नाना पळसुल्यांचा स्वतःच्या हस्ताक्षरावर काडीचाही विश्वास नव्हता. देवनागरी असो की अरबी, अक्षर देखणं. पण त्यांनी उतरवलेलं पान दुसऱ्या कुणी मूळ पोथीतून मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत त्यांच्या लेखी ते कच्चंच असे. बनारसच्या ज्या ग्रंथालयात मी हस्तलिखित विभागात नोकरीला लागले, तिथे पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. मदनपुऱ्याचे एक वृद्ध मौलवीसाहेब पोथीतून वाचत होते आणि समोर धोतर-कोटातले नाना आपल्या नकलेवर पेन्सिल फिरवत होते. मध्येच नाना बोट वर करत आणि मौलवीसाहेब थांबत. "डोळा लाडावलेला असतो गं," नाना मला म्हणाले, "त्याला हवं तेच वाचतो. म्हणून दुसऱ्याचा आवाज लागतो."

नाना ब्रह्माघाटावरचे, आमच्या मंगलागौरीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे. वडील घरी संस्कृत व्याकरण शिकवत. मुलाने विद्यापीठात अरबी व्याकरण घेतलं, तेव्हा वडिलांनी वर्षभर अबोला धरला. घाटावरची मराठी मंडळी त्यांना तोंडावर 'मौलवी' म्हणत. गणपतीच्या आरतीला आले तरी कुणीतरी म्हणणारच, "या मौलवी, टाळ्या तरी वाजवा." नाना हसून म्हणत, "अरे, मौलवी व्हायला अक्कल लागते. मी नुसता नकल करतो." चेष्टा करणाऱ्यांपैकी एकानेही ते काय नकलतात हे कधी विचारलं नाही. मला त्याचा राग येई, त्यांना येत नसे.

ते नकलत ती पोथी म्हणजे अरबी व्याकरणावरची काही शतकांपूर्वीची टीका. ती टीका इतर ग्रंथालयांतही सापडते, तिचं नानांना अप्रूप नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो समासात. याच शहरातल्या कुणा शिक्षकाने ती पोथी शिकवता शिकवता चारी बाजूंच्या मोकळ्या जागेत बारीक, तिरक्या अक्षरांत स्वतःचं भाष्य लिहून ठेवलं होतं. नाव कुठेच नाही आणि दुसरी प्रतही नाही. नाना त्यांना 'उस्ताद' म्हणत आणि शेजारी राहत असल्यासारखे त्यांच्याबद्दल बोलत. "काल उस्तादांनी मूळ टीकाकाराला काय झापलंय! पण पुढच्याच ओळीत क्षमा मागितलीय. चांगला माणूस."

समासाची नकल नानांनी पुरी केली होती. ताडून मात्र निम्मीच झाली होती, कारण मौलवीसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. इकडे पोथीलाही कसर लागलेली. पान उलटलं की भुगा पडे. मौलवीसाहेबांचं ऑपरेशन होऊन ते परत येईपर्यंत पोथी दुरुस्त व्हावी, म्हणून नानांनीच ग्रंथपालांकडे अर्ज दिला. आयुष्यात त्यांनी कचेरीकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच मंजूर झाली. फोटो काढायचे तेही दुरुस्तीनंतर, असं ठरलं.

पोथी परत आली तेव्हा ग्रंथपालांनी समारंभ केला. नानांना शाल घातली, नवी कोरी बांधलेली पोथी हातात दिली. नानांनी ती उघडली, चार पानं उलटली आणि मिटली. मजकुराभोवतीच्या तांबड्या रेघेबाहेरचा सगळा कागद कापून काढला होता आणि त्या जागी पांढऱ्याशुभ्र कागदाची चौकट चिकटवली होती. कारागीर अभिमानाने पुढे आला. "पंडितजी, किनारे पर बहुत गंदा था, आड़ा-तिरछा घसीटा हुआ। सब साफ कर दिया।" कापलेल्या कडांचं विचारलं, तर त्या जाळून टाकल्या होत्या.

नाना त्याला म्हणाले, "मेहनत की आपने।" मी त्या माणसाला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांनी सांगायचं ते हार-तुऱ्यांच्या तयारीत होते. ते ग्रंथपाल नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपकी नकल तो पूरी है न, पंडितजी? वही छाप देंगे। अब गलती निकालेगा कौन?"

परतताना घाटाच्या पायऱ्यांवर नाना थांबले. शाल अजून खांद्यावरच होती. "ऐकलंस ना? माझी चूक आता उस्तादांच्या नावावर जाणार. आणि त्यांना विचारायला कुणाला जाता येणार नाही."

मौलवीसाहेब नवा चष्मा लावून आले, त्या दिवशी नाना नकल मांडून बसले होते, सवयीने. मौलवीसाहेबांनी पोथी उघडली, पांढऱ्या कागदावरून बोट फिरवलं. दोघं उठून चहाला गेले. त्यानंतर नानांनी उरलेल्या निम्म्या नकलेच्या प्रत्येक पानावर हिंदीत आणि अरबीत लिहिलं, 'मूळ पोथीशी ताडलेलं नाही', आणि गठ्ठा ग्रंथालयात जमा केला. ते पुन्हा आले नाहीत. त्याच थंडीत गेले. मणिकर्णिकेवर ब्रह्माघाटची झाडून सगळी मंडळी होती, आणि नाना केवढे विद्वान होते हे एकमेकांना सांगत होती.

पुढे पुस्तक निघालं. पानोपानीची नानांची सूचना गाळली होती, आणि आरंभी ठळक अक्षरांत छापलं होतं की संपूर्ण पाठ मूळ हस्तलिखिताशी मिळवून पाहिलेला आहे. मी ग्रंथपालांशी भांडले. ते म्हणाले, "मॅडम, भावना समझिए।"

एक प्रत मौलवीसाहेबांना द्यायला मी मदनपुऱ्याला गेले. त्यांनी ते आरंभीचं पान वाचलं, मग उत्तरार्ध काढून त्यावर बोट ठेवलं.

"बेटी, यह हिस्सा पंडितजी को किसने पढ़कर सुनाया?"

"कोणीच नाही," मी मराठीतच बोलून गेले.

त्यांना ते कळलं. पुस्तक मिटून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "ले जाओ। झूठी गवाही हम घर में नहीं रखते।"